सरांनी बंद केलेली भाषा

पुण्यात मुलीला बरे मार्क पडले की तिला जर्मनच्या क्लासला घालतात. मलाही घातलं होतं. त्यामुळे २००१ साली सिएटलजवळच्या युनिव्हर्सिटीत शिकायला आले आणि शरीररचना शिकवणारे म्हातारे प्रोफेसर मूळचे जर्मनीचे आहेत असं कळलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मी ऐटीत त्यांना जर्मनमध्ये नमस्कार ठोकला. सर इंग्रजीतच म्हणाले, "ती भाषा मी बंद केली आहे." मला रागच आला. आपण हौसेनं बोलायला जावं, तर हे असं.

त्यामागचं कारण नंतर वर्गातल्या मुलांनी सांगितलं. सर ज्यू. लहानपणी आईवडिलांनी त्यांना एकट्यालाच बोटीत बसवून अमेरिकेला धाडलं. मागे राहिलेले ते दोघं नाझींच्या छावणीत मारले गेले. इथे प्रयोगशाळेत काचेची भांडी विसळता विसळता सर शिकले, जीवशास्त्राचे प्रोफेसर झाले. फळ्यावर दोन्ही हातांनी एकदम खडू चालवून ते माणसाचे दोन्ही पंजे काढत. हाताचं हाडन् हाड मी त्यांच्याकडून शिकले, पण त्यांच्या घरचं एका शब्दानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२००७ मध्ये, मी सिएटलजवळच बॉथेलला नोकरी करत असताना, त्यांच्या मुलीचा फोन आला. जर्मन येणारी विद्यार्थिनी म्हणून माझं नाव तिला युनिव्हर्सिटीतून मिळालं होतं. सरांना पक्षाघात झाला होता. इंग्रजी पार पुसलं गेलं होतं, उरलं होतं फक्त जर्मन, आणि तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सरांनी घरात ती भाषा कधी येऊच दिली नव्हती.

"माझ्यासाठी काही सांगतायत का, तेवढं ऐकून सांग," ती पन्नाशीची बाई विनवत होती.

मी गेले. सरांनी माझा हात धरला, अंगठ्यापासून एकेका बोटावर टिचकी मारत काहीतरी पुटपुटले, आणि करंगळी हलवून खुदकन हसले. क्लासमध्ये आम्हाला रेल्वेचं तिकीट मागायला शिकवलं होतं. हे शब्द तिथले नव्हते. पण खेळ कळला. आपल्याकडे करंगळीपासून सुरू करून गुदगुल्या करत खांद्यापर्यंत जातात, तसलाच.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

मी खरं ते सांगितलं. शब्द नीट कळले नाहीत, पण हा तान्ह्या बाळाशी खेळायचा खेळ आहे. त्यांची आई त्यांच्याशी खेळत असणार.

ती म्हणाली, "माझ्याशी कधीच नाही खेळले."

भाषेबरोबर सरांनी हेही बंद करून टाकलं होतं.

तिनं खुर्ची पुढे ओढली, माझा हात हळूच सोडवला आणि आपला पंजा सरांच्या हातात दिला. सरांनी पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.