टास्कबारचं तोरण

खंडेनवमीला कॉम्प्युटरवर किती अक्षता वाहाव्यात, याबद्दल शास्त्रात काहीही सांगितलेलं नाही. मी सगळीकडे शोधून पाहिलं. (अर्थात, व्हायचं ते होऊन गेल्यावर!)

आम्ही वर्तकनगरला राहतो. घरात मी, बायको माधुरी आणि आई. कॉम्प्युटर मात्र एकट्या माधुरीचा. त्यावरून ती परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना मराठी शिकवते. मुलं गोड, पण पालकांचं रडगाणं ठरलेलं, "मॅडम, कविता म्हणतो हो, पण बोलत काही नाही!" शेवटी माधुरीने दसऱ्याच्या दुपारी सगळ्या आईबापांना वर्गात बसायचं आमंत्रण दिलं. त्यांच्यासमोर मुलं मराठीत बोलणार होती. "यावेळी नाही ना बोलली, तर हा वर्गच बंद करणार मी," ती म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती, हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

खंडेनवमीला ती मानपाड्याला माहेरी गेली. निघताना दारातून म्हणाली, "कॉम्प्युटरची पूजा कर. बाकी कश्शाला हात लावू नकोस."

आता मी कुणी ऐरागैरा नाही. घोडबंदर रोडच्या आमच्या ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मीच काढतो. त्यावरून मला कॉम्प्युटरमधलं कळतं, असा एक समज पसरला आहे. (तो मीच पसरवला.) मी मॉनिटरला झेंडूचा हार घातला, की-बोर्डला हळदकुंकू लावलं आणि अक्षता वाहिल्या.

"दोन दाणे पुरेत रे!" आई म्हणाली.

"अगं, माधुरीच्या वर्गाचा प्रश्न आहे!" असं म्हणून मी मूठ रिकामी केली.

पूजा झाली, पण मन भरेना. बाहेरून एवढं सजवलं आणि आत पडद्याच्या तळाशी तो काळाकुट्ट टास्कबार! मी आधी त्याला झेंडूचा केशरी रंग दिला. मग वाटलं, तोरण दाराच्या वर असतं, हा खाली काय करतोय? ओढला आणि वर नेऊन बसवला. काय शोभून दिसला म्हणून सांगू! तोरणाला चिन्हांची गर्दी बरी दिसेना, म्हणून तीही काढून टाकली. मग स्टार्ट मेनू उघडला. तिथे नुसता पसारा. त्याचे मी तीन कप्पे केले आणि त्यांना 'देवघर', 'स्वयंपाकघर' आणि 'माळा' अशी नावं दिली. माधुरीचा वर्ग भरतो ते ॲप कधी मी वापरलेलं नव्हतं, म्हणून ते माळ्यावर टाकलं. शेवटी 'आपोआप लपवा' असा एक पर्याय दिसला. काहीतरी चांगलंच असणार, म्हणून तोही निवडला, तर तोरण दिसेनासंच झालं. म्हटलं, दमलं असेल, उद्या येईल.

दसऱ्याला माधुरी आली ती वर्गाला थोडाच वेळ उरलेला असताना.

"खालची पट्टी कुठाय?" तिने विचारलं.

"वर आहे."

"वर कुठाय?"

"लपलीये."

"आणि माझा वर्ग?"

"माळ्यावर."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मीही माळ्यावर जाऊन बसावं असं मला वाटलं. पण ती हुशार बाई. माउस वर नेऊन तोरण खाली ओढलं, माळा धुंडाळला, वर्ग सुरू केला. पडद्यावर मुलं आणि त्यांचे आईबाप भराभर उगवले. शिस्त म्हणून तिने सगळ्यांचे आवाज बंद ठेवले आणि स्वागताचा 'नमस्कार' लिहायला घेतला. दोन अक्षरं जेमतेम झाली असतील, तेवढ्यात बाजूने एक भलतीच पाटी सरकत आली. तिसरं अक्षर दाबलं आणि वर्ग, मुलं, आईबाप सगळं एकदम गडप! समोर फक्त मोकळा पडदा आणि त्यावर झेंडूचा हार.

"बंद पडलं!" माधुरी किंचाळली.

"थांब, मी बघतो," असं मी म्हणालो. (आमच्या घरात याला धमकी समजतात.) मी एक बटण दाबलं तर फायली उघडल्या, दुसरं दाबलं तर सेटिंग्ज, तिसरं दाबलं आणि एक भिंग आलं, त्याने सगळा पडदा हत्तीएवढा केला. स्टार्ट मेनू तर मनाला येईल तेव्हा उघडत होता, मिटत होता.

"फोनवरून घे ना," मी सुचवलं.

"फोनवर एवढी तोंडं दिसणारेत का मला? आणि चित्रं सगळी ह्यात आहेत!"

तेवढ्यात मला दिसलं. खिडकीचं चित्र असलेलं एक बटण आत बसलं होतं आणि त्याच्या कडेतून कुंकवात माखलेला तांदूळ डोकावत होता. ते बटण दाबलेलं राहिल्यामुळे बाकीचं प्रत्येक बटण नसते उद्योग करत होतं. म्हणजे माझी भक्ती अडकली होती!

"सापडलं!" मी ओरडलो. "की-बोर्ड उलटा करून आपटतो."

"खबरदार!" आई स्वयंपाकघरातून श्रीखंडाच्या चमच्यासकट धावत आली. "पूजेतली वस्तू उलटी करतोस? हात नको लावूस!"

मग मी पिन घालून पाहिली. तांदूळ आणखी आत गेला. मग जोरात फुंकर मारली. सगळी हळद माझ्या नाकाडोळ्यांत आली आणि मी लागोपाठ इतका शिंकलो की मॉनिटरवरचा हार माझ्याच गळ्यात पडला.

माधुरी हसली नाही. खुर्चीत बसून ती हळूच म्हणाली, "वाट बघून निघून गेले असतील सगळे. सोडून दे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला इतकं वाईट वाटलं की शिंकसुद्धा थांबली.

आईने तिच्याकडे बघितलं. मग चमचा माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी की-बोर्ड उचलला, कपाळाला लावला आणि सरळ उलटा करून दणादणा आपटला!

"आई, पूजा!" मी म्हणालो.

"देवीचं मी बघते. तू खाली बघ. अक्षता पायाखाली यायला नकोत. वेच!"

फरशीभर तांदूळ झाला होता. मी गळ्यात हार, नाकावर हळद आणि तोंडात चमचा अशा थाटात टेबलाखाली शिरलो आणि रांगत रांगत दाणे वेचू लागलो. एक दाणा पार माधुरीच्या खुर्चीमागच्या भिंतीपर्यंत गेला होता, त्याच्यामागे मीही गेलो आणि परत टेबलाखाली आलो. माधुरीने डोळे पुसले, माउस वर नेला आणि तोरण खाली आलं. त्यात वर्गाचं चिन्ह अजून चमकत होतं. तिने ते दाबलं.

वर्ग बंद पडलाच नव्हता. तो नुसता मागे जाऊन बसला होता, कॅमेऱ्यासकट! समोर सगळेच्या सगळे हजर होते. मुलं खुर्च्यांवर उभी, आईबाप पोट धरून हसताहेत. आवाज बंद असल्यामुळे आम्हाला एवढा वेळ पत्ताच नव्हता. माधुरीने घाईघाईने आवाज सुरू केले.

"काका टेबलच्या खाली गेला!" एक चिमुरडी ओरडली.

"काका तांदूळ शोधतोय!"

"आजीने खूप मारलं! काकाला नाही, की-बोर्डला!"

"काकाच्या तोंडात चमचा आहे! का?"

मुलं एकमेकांचं बोलणं तोडून बोलत होती, आणि सगळं मराठीत! मी लाजून उठायला गेलो आणि टेबलाला डोकं आपटलं.

"काका आपटला!" अख्खा वर्ग गरजला.

माधुरीने वाकून टेबलाखाली माझ्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा असा उजळला की दसरा खरा तेव्हा झाला. "उठू नकोस," ती मला दातांतल्या दातांत म्हणाली, आणि कॅमेऱ्याकडे वळून गोड आवाजात, "हं मुलांनो, सांगा बघू, काका आता काय करतोय?"

वर्ग संपेपर्यंत मी फरशीवरच होतो, टेबलाखालून कॅमेऱ्यासमोर आणि परत टेबलाखाली. रांगलो, वेचलं, शिंकलो, चमच्यातलं श्रीखंड चाटलं. मुलांनी एकूण एक गोष्ट सांगितली. शेवटी एका बापाने डोळे पुसत विचारलं, "मॅडम, हे मास्तर दर आठवड्याला असतात का?"

"असतात," माधुरीने मला न विचारता सांगून टाकलं.

आता वर्ग झकास चालू आहे. नवी मुलं येताहेत, पालक खूश आहेत, आणि घरात मला 'सर' म्हणतात. फक्त पुढच्या आठवड्याच्या धड्यात 'घसरणे', 'कोसळणे' आणि 'विव्हळणे' आहे, म्हणून मी गुडघ्यांना आतापासूनच तेल लावतो आहे.