मोरी की कमोड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाथरूम मोजली. टेप सापडेना म्हणून मी विती टाकल्या. प्लास्टिकचं स्टूल हेच कमोड धरायचं. मी सरकवायचो, बायको त्याच्यावर बसून बघायची.

लालबागची आमची चाळ पाडून ही बिल्डिंग झाली, त्याला वीसेक वर्षं झाली. आतल्या खोलीला लागून ही बाथरूम, बिल्डरने दिली तशीच होती. खाली बसायचा संडास आणि कोपऱ्यात मोरी. लाद्या सुटल्या, खालच्यांच्या घरात गळायला लागलं. त्यात तिचे गुडघे गेले. उठताना नळाला धरायची, एकदा नळच हातात आला. मग वेगळा राहणारा मुलगा म्हणाला, सगळं फोडून नवीन करू.

मिस्त्री सकाळी बघून गेला होता. "काका, कमोडच्या बाजूला हात द्यायला माणूस उभा राहायचा असेल तर मोरी जाणार. उद्या हातोडा घेऊन येतो, तोवर ठरवा."

मी चौथी शिकलेला, गिरणीत कापडाच्या साच्यावर जन्म गेला. पण जागेचा हिशेब मला कळतो. दार आत उघडतं, तेवढी जागा सोडायची. राहिलेल्यात काय ते बसवायचं. दोन तास स्टूल फिरवलं. दोन्ही बसेना.

"मोरी ठेवा," ती म्हणाली.

"कशाला? मशीन आहे ना."

"मशीनमध्ये शर्टाची कॉलर निघत नाय."

"तुला उठता येत नाय, धुणार काय कपाळ?"

"तुम्ही उठवा. पिऊन यायचात तेव्हा मी उठवलं नाय तुम्हाला?"

मी परत विती टाकायला लागलो. मग तीच बोलली. "चाळीत एका खोलीत नऊ माणसं. मोरीचा पडदा ओढला की तेवढं माझं राज्य होतं."

"मग आता नऊ कुठे आहेत? मी एकटा. मला पण हाकल नि कर राज्य."

मस्करीच होती. पण माझं तोंड असंच, मस्करी पण धोंड्यासारखी पडते. मी हात पुढे केला. तो न धरता, भिंतीला टेकत ती उठली.

"सांगा मिस्त्रीला. कमोड करा, मोरी काढा. तुमच्या मनासारखं करा."

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी हातपाय धुवायला ती आत गेली. मी बाहेर टीव्हीपुढे फुगून बसलो होतो. धप्पकन आवाज आला. कडी तिने लावलेली नव्हती. दार ढकललं तर चार बोटं सरकलं आणि अडलं. ती दाराला लागूनच पडली होती. जोर करावा तर तिला लागणार, न करावा तर आत जाता येईना. त्या फटीतून तिचा हात दिसत होता. मी हाका मारत राहिलो. शेजारचे दोघे धावत आले, तिघांनी मिळून दार हळूहळू रेटलं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. जागच्या जागी गेल्या, तुम्ही लवकर आत शिरला असतात तरी काही झालं नसतं. ते तसंच म्हणणार. स्मशानातलं सगळं त्याच रात्री उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. दारातला चपलांचा ढीग बघून समजला, हातोडा पाठीमागे धरून वळला. मी हाक मारली.

"दार काढ."

"काका, आज?"

"आज."

मुलगा आला. "बाबा, घरात सुतक आहे. लोक काय म्हणतील? तेराव्यानंतर करू."

"लोकांना म्हणू दे."

मिस्त्रीने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार मी धरलं. दोघांनी उचलून भिंतीला लावलं. तो उंबऱ्यात उभा राहून आत बघत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "काका, दार बाहेर उघडतं केलं असतं तर दोन्ही बसलं असतं. मोरी पण, कमोड पण. माझ्यापण डोक्यात नाय आलं."

मेहुणी टॉवेल घेऊन मागे उभी होती. "भावोजी, घरात एवढी बायकामाणसं, आम्ही आंघोळी कुठे करायच्या?"

म्हटलं, "शेजारी जा."

आणि मिस्त्रीला म्हटलं, "मोरी ठेवायची. लिहून घे."