करंटबाई आणि थंड पेशी

आमच्या मजल्यावरच्या बाईंना मी तोंडावर वहिनी म्हणतो आणि पाठीमागे करंटबाई. त्यांना ते ठाऊक आहे. एकदा जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "भावजी, मी मोजते त्या करंटने मुंगीलासुद्धा झिणझिण्या येणार नाहीत."

"मुंगीने तुम्हाला चिडलेलं कुठे पाहिलंय, वहिनी," मी म्हटलं.

त्यांचं काम मला कळलं तेवढं सांगतो. मज्जापेशी असो की हृदयाची पेशी, तिच्या कातडीत बारीक दारं असतात. ती उघडतात-मिटतात, त्यातून क्षार आतबाहेर करतात, आणि आपलं दुखणं, धडधडणं सगळं त्यावर चालतं. वहिनी काचेची नळी तापवून ताणतात, केसाहून बारीक झालेलं टोक पेशीला टेकवतात आणि मागच्या रबरी नळीतून तोंडाने अलगद हवा ओढतात. टोक घट्ट चिकटलं, तर त्या दारांतून जाणारी वीज मोजता येते. कुणी जोरात पाऊल टाकलं तरी मेहनत पाण्यात. वहिनींची उमेदीची सगळी वर्षं यातच खर्ची पडली. सासूबाई शेवटपर्यंत विचारायच्या, "सूनबाई, सापडली का गं ती पेशी?"

तर दुखण्यावरचं एक नवं औषध त्यांच्या संशोधन संस्थेत, त्यांच्याच विभागात तपासायला आलं. मज्जापेशीतली दारं ते झकास मिटवत होतं. प्रश्न एवढाच, की हृदयाचीही मिटवतं का? मिटवलं तर ठोका चुकतो आणि माणूस बसल्या जागी जातो. विभागप्रमुखांच्या चेल्यांनी तपासून सांगितलं, हृदय सुखरूप. वहिनींनी विचारलं, पेशी किती गरम ठेवल्या होत्या? ठेवल्याच नव्हत्या. गार खोलीत टोक जास्त वेळ चिकटून राहतं, म्हणून सगळे तसंच करतात.

"औषध घेणारा काय फ्रीजमध्ये बसणार आहे?" म्हणत वहिनींनी पेशी अंगाइतक्या कोमट केल्या. हृदयाची दारं धडाधड बंद.

प्रमुख म्हणाले, "तुमचं टोक नीट चिकटलं नसेल, गळत असेल. औषधावरच्या शोधनिबंधातून हे काढून टाका."

वहिनी धुमसत घरी आल्या. नवरा बिचारा म्हणाला, "जरा जुळवून घे ना."

"मला काय सांगता? उद्या ज्याच्या तोंडात ती गोळी पडेल, त्याला सांगा जुळवून घ्यायला." भिंत पातळ आहे, मला कान द्यावा लागला नाही.

मग हे औषध रुग्णांना देऊन पाहणार होते ते डॉक्टर विभाग पाहायला आले. प्रमुख गोडगोड बोलत होते. वहिनी मध्येच म्हणाल्या, "सर, माझं टोक गळतं म्हणता ना? मग तुमच्या हाताने होऊन जाऊ दे. कोमट पेशीवर."

साहेबांनी कित्येक वर्षांत नळी तोंडाला लावली नव्हती, पण पाहुण्यांसमोर कबूल कसं करणार? बसले. एक टोक मोडलं, दुसरं मोडलं. "टेबल हलतंय," म्हणाले. शेवटी पाहुण्यांतल्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, तुम्हीच दाखवा."

वहिनींनी पहिल्याच खेपेला टोक चिकटवलं. औषध सोडलं, पडद्यावरची उसळणारी रेघ आडवी झाली. औषध धुऊन काढलं, रेघ हळूहळू परत उसळू लागली.

"गळतं टोक धुतल्याने दुरुस्त होत नाही, सर," वहिनी म्हणाल्या.

औषध कुणालाच दिलं गेलं नाही. ज्यांचे जीव वाचले, त्यांना पत्ताही नाही. आणि शाबासकी काय? वहिनींची खोली, टेबल, यंत्र, सगळं प्रमुखांच्या लाडक्या चेल्याला. कारण म्हणे जागेची फेरवाटणी. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असल्या माणसाला साहेब म्हणायचं आणि वर वाकून नमस्कार करायचा.

आज सकाळी वहिनी नेहमीसारख्या पिशवी घेऊन निघाल्या.

"तिथे बसायला खुर्ची तरी ठेवलीय का त्यांनी?" मी विचारलं.

"नाही."

"मग जाता कशाला?"

"उभी राहायला, भावजी. नवीन औषध आलंय, आणि ती कार्टी पुन्हा पेशी थंडच ठेवतायत."