थांबण्याची मोजदाद

विद्वान माणसांचा मला राग आहे. वय झालं तरी तो ओसरलेला नाही, आणि ओसरावा असं मला वाटतही नाही. सगळ्याच विद्वानांचा नाही. जे दुसऱ्याच्या कामासमोर खुर्ची टाकून बसतात आणि उठताना ते काम आपल्याला कळलं असं समजून उठतात, त्यांचा. त्यांत मी स्वतःलाही धरतो.

नाशकात तांबट आळीत आमचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. वडील घागरी, हंडे, बंब घडवायचे. सकाळपासून ठोक्यांचा असा काही कल्लोळ असायचा की पाहुणे गप्पा मारायला शेवटी घाटावर जाऊन बसत. त्याच आवाजात मी पाढे पाठ केले, त्याच आवाजात इंग्रजी शिकलो. ऐरणीपाशी मात्र वडिलांनी मला कधी बसू दिलं नाही. "तू पुस्तकं शीक," एवढंच म्हणायचे. मी शिकलो, पुण्याला जाऊन बी. ए. झालो, आणि एकोणीसशे तीसनंतरच्या मंदीत नोकरी मिळेना म्हणून परत त्याच माडीवर येऊन बसलो.

त्या सुमारास गावात एक उद्योगशाळा निघायची होती. तिच्यात तांबटकामाचा वर्ग असणार होता आणि तो चालवायला माझ्या वडिलांना घ्यावं, असं कमिटीतल्या दोघांचं मत होतं. वडिलांचा उजवा खांदा दुखायला लागला होता. बाजारात यंत्रावर दाबून काढलेली भांडी येऊ लागली होती, गिऱ्हाईक घागर हातात घेऊन भावासाठी तोंड वाकडं करायचं. पण वडिलांना शाळा हवी होती ती त्यासाठी नाही. आपल्या हातातलं काम चारचौघांच्या हातात जावं आणि कोणीतरी आपल्याला मास्तर म्हणावं, एवढी त्यांची हौस होती. ती त्यांनी लपवलीही नाही. साऱ्या आळीला सांगून झालं होतं.

कमिटीतल्या बाकीच्यांना मात्र शास्त्रीय पुरावा हवा होता. जुना कारागीर शिकवू शकतो का, की डिप्लोमावाला आणावा? त्यासाठी मुंबईहून एक प्रोफेसर आले. कारागीर कसं शिकतो, काम कसं करतो, यंत्रयुगात त्याच्या रीतीभातींचं काय होणार, असा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. त्यांना टिपणं घ्यायला इंग्रजी येणारा स्थानिक माणूस पाहिजे होता. तो मी. बापाच्या दुकानाचा अभ्यास आणि टिपणं लेकाची, म्हणून वडिलांना कोण आनंद झाला. आईने पेढे आणले.

पहिल्याच दिवशी प्रोफेसरांनी खिशातून कापसाची गुंडाळी काढली, दोन बोळे केले आणि कानांत घातले. मग दोन मलाही दिले. मी ते घातले. ज्या आवाजात मी जन्मलो त्या आवाजात मला कापूस लागला, कारण शेजारी प्रोफेसर बसले होते. हे लिहिताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

माझ्या हातात त्यांनी स्टॉपवॉच दिलं आणि रकाने आखलेले कागद दिले. ठोके घालणे, पत्रा तापवणे, तोंडाने शिकवणे, थांबणे. वडील जे करतील ते घड्याळ बघून त्या त्या रकान्यात लिहायचं.

वडिलांनी काय करावं? साहेब शिकवणं बघायला आलेत तर शिकवणंच दिसलं पाहिजे, असं म्हणून त्यांनी आपल्या मुरलेल्या कारागिरांना सरळ सुट्टी दिली. आणि दोन्ही अंगांना बसवले दोन अगदी नवे. एक गंगापूरकडचा, घरची भाजीची वाडी भावांकडे सोडून आलेला. दुसरा मनमाडचा, रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता, मंदीत माणसं कमी केली त्यात घरी बसलेला, दोन लेकरांचा बाप. आमच्याकडे येऊन त्याला दोन महिने झाले होते आणि वडिलांना तो उस्ताद म्हणायचा. घरात पाहुणा आला की चांगली सतरंजी काढावी, तसे वडिलांनी ते दोघं कच्चे गडी काढून समोर मांडले.

महिनाभर मी बसलो. दोन्ही गडी आपापल्या पत्र्यावर ठोकत असायचे. वडील ठोके घालायचे, मध्येच हात थांबवायचे, पुन्हा सुरू करायचे. कधी दहा ठोक्यांनी, कधी तीन ठोक्यांनी. बोलायचे काहीच नाहीत. 'तोंडाने शिकवणे' हा रकाना कोराच राहायचा आणि 'थांबणे' भरून वाहायचा. मला वाटलं, खांदा दुखतोय. बापाची कीव आली. पण घड्याळाचा खटका मी एकदाही चुकवला नाही. प्रोफेसर म्हणाले, तुमचा हात शास्त्रज्ञाचा आहे. मी फुगलो.

शेवटचा दिवस संपला त्या संध्याकाळी फिटर मला घाटावर भेटला. पाण्यात पाय सोडून बसला होता. सहज म्हणून मी म्हणालो, "दादांच्या खांद्याचं काहीतरी बघायला पाहिजे. फार थांबतात."

"खांद्यामुळं नाय थांबत उस्ताद," तो म्हणाला. "माझा ठोका चुकला की थांबत्यात. पत्रा एका जागी पातळ व्हायला लागला की आवाज बदलतो. त्यांना तो तिकडं बसून ऐकू येतो. ते थांबले की समजायचं, आपलं बिघडलं. मग आपणच शोधायचं कुठं ते. सापडून नीट ठोका पडला की ते पुन्हा सुरू. आळीत समदे असंच शिकवत्यात की. तुमाला नाय ठाव?"

मला नव्हतं ठाऊक. बावीस वर्षं त्या दुकानाच्या डोक्यावर झोपलो आणि मला नव्हतं ठाऊक.

तिथून मी तसाच डाक बंगल्यावर गेलो. प्रोफेसर सामान आवरत होते, दुसऱ्या दिवशीची गाडी होती. मी सगळं सांगितलं. म्हटलं, जे आपण वाया गेलेला वेळ म्हणून लिहिलं तेच शिकवणं होतं, आणि समोर कच्चे गडी होते म्हणून तर ते इतकं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. पण ते मोजलेलं नाही. तुमच्याच हातची टिपणं आहेत. एका बेकार फिटरच्या सांगण्यावरून ती बदलायची?" आणि लगेच म्हणाले, "बरं झालं आलात. तुमचं शिफारसपत्र लिहून ठेवलंय."

मी भांडायला हवं होतं. ते कागद त्यांच्या पेटीतून ओढून काढायला हवे होते. मी ते पत्र घेतलं, घडी घातली आणि 'थँक यू सर' म्हणून खाली उतरलो. त्या पत्रावर मला कचेरीत कारकुनी मिळाली. प्रोफेसरांचा मला राग आहेच, पण त्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाचा त्याहून जास्त आहे.

अहवाल इंग्रजीत होता. कमिटीतल्या एकाने प्रत दिली आणि वडील म्हणाले, वाचून दाखव. मी मराठी करून सांगत गेलो. या कारागिराला शिकवण्याची काही पद्धत नाही, तो शिष्याला तोंडाने काहीच सांगत नाही, कामातला पुष्कळसा वेळ नुसता थांबण्यात घालवतो, सबब वर्गावर डिप्लोमा झालेला मनुष्य नेमावा. वडिलांनी मध्ये एकदाच विचारलं, "तू होतास ना तिथे?" मी हो म्हणालो. ते उठले आणि पत्रा तापवायला गेले.

डिप्लोमावाला आला. पंचविशीचा, चष्मा, भांड्यांचे नकाशे सुरेख काढायचा. आळीतली माणसं काही दिवस वडिलांसमोर शाळेचं नाव काढेनात. मला त्या दयेचाही संताप यायचा.

मग एकदा कचेरीतून घरी येतो तो हे मास्तर आमच्या दुकानात मांडी घालून बसलेले. कोट खुंटीला, बाह्या वर, समोर हंड्याचा तळ, आणि वडील त्यांच्याशेजारी. शाळेत त्यांची भांडी तळाला फाटत होती म्हणे. मुलांसमोर फजिती होत होती. वडील दोन ठोके घालत होते आणि थांबत होते. मास्तर घाम पुसत पत्रा चाचपत होते.

माझं डोकंच फिरलं. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "दादा, ह्यांनी तुमची जागा घेतली. आणि तुम्ही ह्यांना शिकवताय?"

मास्तरांनी मान खाली घातली. वडील चढ्या आवाजात बोलत नसत, तेव्हाही बोलले नाहीत.

"जागा ह्यांनी नाही घेतली," ते म्हणाले. "ह्यांना येत नव्हतं. ते इथे आले आणि म्हणाले, मला येत नाही, दाखवा. तू महिनाभर समोर बसलास. मी का थांबतो, हे एकदा तरी विचारलंस?"

मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "हं, मारा."

मी जिना चढून वर गेलो. आईने ताट वाढलं होतं. आमटी थंड आहे म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ती थंड नव्हती.