नानांचा थंड पाण्याचा मासा

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात नाना प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. सकाळी आले की आधी मेलेले प्राणी जपून ठेवलेल्या बरण्यांना रामराम, मग आम्हा माणसांना. त्यातही एका बोटभर माशावर त्यांचा फार जीव. उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रातला तो मासा कुणा परदेशी पाहुण्याने विभागाला दिलेला. अंगावर हाडांच्या पट्ट्या, हनुवटीखाली मिशाच मिशा. जन्मभर तळाच्या रेतीत पडून राहणारा. नाना प्रत्येक नव्या वर्गाला ऐकवायचे, "हाऊ थंडा पानीना शे, भाऊ. याले आपला उन्हाया सोसस नही."

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीआधी ते एकेका बरणीत प्राणी टिकवणारं फॉर्मॅलिन भरायचे, ते उन्हाळ्यात उडून जाऊ नये म्हणून झाकणाला व्हॅसलीन फासून घट्ट दाबायचे. "बठ्ठं देखी लिधं, ताई," सगळं बघून घेतलं, असं मला सांगायचे आणि चहाला जायचे.

त्या वर्षी मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. जूनमध्ये कायम जागेची मुलाखत होती आणि तिथे दाखवायला मला त्या माशाचं चित्र हवं होतं. नाना चहाला गेले तेवढ्यात मी बरणी उघडली, मासा ट्रेमध्ये ठेवून भराभर चित्र काढलं, त्याला परत आत सोडलं आणि झाकण नुसतंच टेकवलं. व्हॅसलीन लावायला एक मिनिट लागलं असतं हो! एक मिनिट!

जूनमध्ये कपाट उघडलं तर बरणी कोरडीठाक, मासा वाळलेल्या गवारीसारखा. विभागप्रमुख कडाडले, "नाना, निवृत्ती जवळ आली म्हणून काम सोडलंत का?" नाना बरणीकडे बघत राहिले. "चुकी व्हयनी, सर," एवढंच म्हणून चूक कबूल केली. त्यांना मेमो मिळाला. मी शेजारीच उभी होते. मुलाखत आठ दिवसांवर होती.

मी कायम झाले. नानांना सगळं कळलंय, पोरीची नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी ते अंगावर घेतलं, अशी मी मनाची समजूत घातली. निरोप समारंभात त्यांच्यावर भाषणही ठोकलं. काय म्हणावं मला!

गेल्या महिन्यात नाना वारले. आता तरी खरं सांगायचं, असं ठरवून मी पिंपळनेरला त्यांच्या घरी गेले. नानांच्या बायकोने, अक्कांनी, पाणी दिलं आणि मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तो मासा त्यासना मनले लागी गया वं माय. व्हॅसलीन लावाले मी भुलनू कसा, हाईच म्हनेत. मंग सोतावर भरोसाच ऱ्हायना नही. घरले कुलूप लावेत आनि तीनदा फिरीसन देखेत."

म्हणजे नानांना काही ठाऊकच नव्हतं.

"अक्का," मी म्हटलं. त्यांनी मान वर केली.

"कॉलेजात नानांची फार आठवण निघते," एवढंच बोलले मी.