बैलमास्तरांचा दाखला

सापगावात आमच्या हेडमास्तरांना सगळे बैलमास्तर म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट थोडी मिजासच होती. प्रौढांच्या वर्गात पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर अक्षराऐवजी सबंध बैल काढला आणि शिंगांपाशी लिहिलं 'शिंगे'. मी नुकताच मास्तरकीचं ट्रेनिंग करून आलेला. मला हसू आवरेना.

"आणि अंकलिपी?" मी विचारलं.

"ती पोरांना. हे बाप्ये आहेत. त्यांचं जिथं अडतं, तिथून धडा सुरू करायचा."

कुठं अडतं हे विचारत ते झोडणीच्या दिवसांत खळ्याखळ्यावर हिंडले होते. बाजारात बैल घेतला की कारकून दाखल्यावर त्याचा रंग, शिंगं, खुणा लिहून देई. वर्णन जुळलं नाही की वाटेतच माणूस चोर ठरे. वर्गातला गोमा तर असाच दोन दिवस चौकीत बसून आला होता. तेव्हापासून बाजाराचं नाव काढलं की तो घाबरे आणि उसन्या बैलावर शेती करी.

पौषात मास्तरांनी परीक्षा ठेवली ती थेट मुरबाडकडच्या बैलबाजारात. गोमाने बैल घेतला, दाखला हातात धरला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागला. मध्येच बोट थांबलं. मास्तर मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

"कारकूनसायेब, शिंगं पुढं हायेत. तुमी मागं लिवलीत. आमी नाय नेनार असा कागद."

कारकुनाने बैलाकडे पाहिलं आणि नवा दाखला लिहिला. माझी छाती अशी फुगली, जणू गोमाला मीच शिकवलं होतं!

युद्ध सुरू झालं त्या साली मास्तरांची बदली झाली. आटगाव स्टेशनात सगळा वर्ग जमला. गोमाने एक कागद पुढे केला. मास्तरांनी तो मोठ्याने वाचला: "रंग काळा. उंची बेताची. खूण, बोटाला खडू. चाल सरळ. मालक, सापगावचा वर्ग. वाटेत कोणी अडवू नये."

"काळा काय रे? सावळा लिही!"

"काळाच हाये, मास्तर. आमी नीट बगून लिवलाय."

मास्तर हसले, मग डोळे पुसत माझ्याकडे वळले. "गावातल्या बायका म्हणतात, त्यांचं दवाखान्याच्या बाटलीपाशी अडतं; औषध कोणतं, किती, ते वाचता येत नाही. तो धडा आता तुमचा."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर आधी बाटली काढली.