कुलूप आणि मोकळं बदक

धाकटी परवा गोष्टीचं पुस्तक वाचत होती. कुठल्याशा काल्पनिक राज्यात एक पोरगी अंड्यातून ड्रॅगन वाढवते आणि तो तिच्या घराची राखण करतो. "बाबा, असं खरंच कुणाकडं असतं का?" माझ्याकडं होतं, एवढंच मी म्हणालो. पुढचं तिला सांगवलं नाही.

आमचं ते बदक होतं. पांढरं, लांब मानेचं, राजहंस म्हणतात त्या जातीचं. चिकलठाण्याच्या कारखान्यात मी पहिल्या पाळीला असायचो आणि त्याच मशीनवर दुसऱ्या पाळीला माझा मित्र. त्यानं पैठणच्या मामाकडून अंडं आणलं. माझ्याकडं एक कोंबडी खुडूक बसली होती, तिच्याखाली ते ठेवलं. पण अंडं एवढं मोठं की कोंबडीला उलटवेना. मग आम्हीच उलटवायचो, सकाळी तो, संध्याकाळी मी. पिल्लू बाहेर आलं ते दोघांनाही आपलं समजूनच.

मोठं झाल्यावर ते दाराशी कुणाला उभं राहू देईना. मान जमिनीलगत ताणून फिस्स करत धावायचं. पोस्टमनच्या पोटरीला चावलं तेव्हा मित्र बांबूचं डालगं घेऊन आला. "वहिनी, बाहेर जाताना ह्याला डालग्याखाली झाकून जायचं. नायतर गल्ली आपल्याला झाकील." तेव्हापासून तसंच करायचो. आम्ही घरी असलो तरच बदक मोकळं.

मग विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस आले. मित्र दलित वस्तीत राहायचा, मोर्च्यात पुढं असायचा. आमची गल्ली विरोधातली. एका दुपारी त्याच्या वस्तीवर दगडफेक झाल्याचं कळलं. घरमालक समोरच्या ओट्यावर बसला होता. "तुमचा तो दोस्त इथं दिसला तर सामान रस्त्यावर टाकीन," तो म्हणाला. मी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि मागच्या दारानं आत येऊन बसलो.

थोड्या वेळानं ते आले. मित्र, त्याची बायको, तिच्या कडेवर तान्हं पोर. खिडकीच्या फटीतून मी बघत होतो. अंगणातलं बदक ओरडलं नाही. त्याच्या पायाला मान घासायला लागलं. डालगं रिकामं पडलेलं.

त्यानं कुलूप पाहिलं. मग बदकाकडं पाहिलं.

"गावाला गेले असतील," त्याची बायको म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला, जरा मोठ्यानंच. "गेले असतील. चल."

बदक गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्यासोबत गेलं. मी गेलो नाही.

त्यांनी दोन दिवस एसटी स्टँडवर काढले, हे मागाहून कळलं. पोराला काही झालं नाही. हे मी स्वतःला अजून सांगत असतो.

कारखान्यात पाळी बदलताना तो मशीनबद्दल बोलायचा. "तेल कमी हाय, बघून घे." घरी मात्र परत कधी आला नाही. मीही बोलावलं नाही. कोणत्या तोंडानं बोलावणार?

पुढं कित्येक वर्षांनी विद्यापीठाचं नाव बदललं, तेव्हा ठरवून क्रांती चौकात गेलो. गुलालात माखलेला तो पेढे वाटत होता. "आलास व्हय!" म्हणत त्यानं माझ्या तोंडात पेढा घातला.

"त्या दिवशी मी घरातच..."

"ठाव हाय मला," तो म्हणाला. "आज नको, गड्या. आज मला लई खुशीत राहू दे."

आणि पेढ्यांचा पुडा घेऊन तो पुढच्या माणसाकडं वळला.